प्रकाशाची मात्रा : नवजाताची कावीळ, कलबुर्गीची तूर आणि औषधी भांग

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण, जुलाब-उलट्या किंवा मुलांचा आहार अशा विषयांवरील लेखाची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. या खेपेस मात्र मी थोडा आडवाटेचा विषय घेतला आहे. औषधी उपयोगासाठी बंदिस्त जागेत, विजेच्या दिव्यांखाली भांगेची लागवड केली जाते. त्या कृत्रिम प्रकाशाचा झाडावर, आणि झाडातून निघणाऱ्या औषधावर, नेमका काय परिणाम होतो हा तो विषय.

नौबादला बसून मुले तपासणाऱ्या डॉक्टराला याच्याशी काय कर्तव्य, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. कर्तव्य आहे ते असे : अपस्माराच्या मुलांचे आईवडील गेली काही वर्षे ‘सीबीडी तेल’ या नावाच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे येऊ लागले आहेत. कोणी पुण्याच्या नातेवाइकांकरवी मागवलेली असते, कोणाला परदेशातील भाच्याने पाठवलेली असते. बाटलीवर हिरवे पान छापलेले, ‘पूर्णतः नैसर्गिक’ असा निर्वाळा, आणि सोबतच्या पत्रकावर जांभळ्या दिव्यांखाली ओळीने उभ्या असलेल्या झाडांचे छायाचित्र. ‘डॉक्टरसाहेब, देऊ का हे?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर औषधशास्त्राच्या पुस्तकात आहे. उरलेले अर्धे त्या जांभळ्या दिव्यांत आहे, आणि त्याविषयी आपल्या पुस्तकांत फारसे काही नसते.

प्रकाश हे औषध म्हणून आपल्या व्यवसायबंधूंना नवे नाही. १९५६ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवले. सर्व अंग फिकट, मात्र चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला त्रिकोणी भाग गर्द पिवळा. त्याच सुमारास, खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिन कमी भरते असेही लक्षात आले. त्यावरून क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचे पहिले यंत्र तयार केले व १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. आज जिल्ह्याच्या ठिकाणचे साधे नवजात कक्षही या उपचाराशिवाय चालत नाहीत.

पण नुसता दिवा लावला म्हणजे प्रकाशोपचार झाला असे नव्हे, हे आपण अनुभवाने शिकलो. प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा, किती तीव्र, अंगाच्या किती भागावर आणि किती वेळ, या चार गोष्टींनी मात्रा ठरते. बिलिरुबिनला निळा प्रकाश लागतो, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा. प्रभावी उपचारासाठी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला ३० मायक्रोवॅटच्या वर हवी. जुन्या ट्यूबलाइट डोळ्याला लख्ख दिसत, पण त्यांतील उपयोगी निळा प्रकाश केव्हाच उतरलेला असे. डोळा येथे साक्षीला चालत नाही, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक दिसतो आणि निळा फार कमी. म्हणूनच आपण मोजण्याचे यंत्र वापरतो. पुढील सारे विवेचन वाचताना ही चार अंगे मनात ठेवावीत. झाडाच्या बाबतीतही तीच लागू पडतात; फक्त वेळ या अंगाला तेथे एक निराळाच अर्थ येतो.

तो अर्थ आपल्या भागातील शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बीदर-कलबुर्गीकडे मृगात पेरलेली पारंपरिक तूर पुरुषभर वाढते, पसरते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. तीच तूर पाऊस लांबला म्हणून सप्टेंबरात पेरली, तर झाड मांडीएवढे होते न होते तोच फुले धरते. खत तेच, माती तीच. फरक एवढाच की दुसऱ्या झाडाच्या वाट्याला पहिल्यापासूनच लहान दिवस आले. दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखण्याच्या वनस्पतींच्या या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात, आणि दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या वनस्पतींना लघुदिन वनस्पती. तूर, सोयाबीन, शेवंती या साऱ्या त्या वर्गातल्या. भांगही त्याच वर्गातली.

नव्हे, भांग ही तर या शोधाच्या मुळाशीच आहे. दीप्तिकालितेचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांना दिले जाते. तंबाखूच्या एका न फुलणाऱ्या वाणावरून त्यांनी १९२० साली हा सिद्धान्त मांडला. परंतु त्यापूर्वी, १९१२ साली, ज्युलियॉं तुर्नुआ या फ्रेंच तरुण संशोधकाने जपानी हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर प्रयोग करून, प्रकाशाचे तास कमी केले की त्या लवकर फुलतात हे दाखवून दिले होते. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिले. वैद्यकाच्या इतिहासाप्रमाणे वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातही श्रेय बहुधा जगलेल्यांच्या पदरी पडते.

पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर प्रयोग करून आणखी एक गोष्ट उघड केली. झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यभागी थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाच्या लेखी ती रात्र मोडली. याचे कारण पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य. सुमारे ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने ते एका रूपात जाते, सुमारे ७३० नॅनोमीटरच्या गडद तांबड्या प्रकाशाने किंवा दीर्घ अंधाराने पुन्हा मूळ रूपात येते. या दोन रूपांच्या प्रमाणावरून झाडाला रात्रीची लांबी कळते. आपल्याच राज्यात चिक्कबळ्ळापूरकडे रात्री शेवंतीच्या शेतांवर दिव्यांच्या माळा लावलेल्या दिसतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. रात्र मोडून शेतकरी झाडाला फुलण्यापासून रोखतो, देठ वाढू देतो आणि बाजाराच्या सोयीने दिवे बंद करतो.

बीदर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तास दहा मिनिटांच्या आसपास, सर्वांत लहान अकरा तास पाच मिनिटांच्या आसपास. म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम दोन तासांचा. इंग्लंडच्या दक्षिण भागात तोच फरक जवळजवळ नऊ तासांचा असतो. दख्खनमधील भांगेला इतक्या थोड्या फरकावरून आपली वेळ ओळखावी लागते आणि ती ती ओळखते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गांजाच्या परवानाधारक शेतीचा मुख्य जिल्हा अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हा होता. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या विस्तृत अहवालात या शेतीची नोंद आहे. पावसाळ्यात लागण, दिवस लहान झाल्यावर फुलोरा. बंगालमध्ये नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ किंवा ‘पारखदार’ म्हणवणारे जाणते लोक नेमत, ज्यांना इंग्रज ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. (आपल्या व्यवसायाची पदवी इतक्या उदारपणे वाटली गेल्याची नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल.) नर झाडे काढली की मादी फुलांत बी धरत नाही, फुलोरा लांबतो आणि त्यावरील सूक्ष्म ग्रंथींत राळ साठत राहते. औषधी द्रव्ये आहेत ती याच राळेत.

आता बंदिस्त लागवडीकडे येऊ. अमेरिका-युरोपात लोकांनी हे झाड खोलीत नेले ते आधी कायद्यापासून लपवण्यासाठी; औषधाचा विचार मागाहून आला. पण खोलीत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली : येथे ऋतू माणसाच्या हाती येतो. वाढीच्या काळात दिवे बहुधा अठरा तास चालू ठेवतात. झाडाला वाटते जेठ-आषाढ चालू आहे. मग एके दिवशी दिवे बारा तासांवर आणतात आणि झाडाच्या लेखी आश्विन उजाडतो. काही आठवड्यांत फुले तयार होतात. त्यामुळे वर्षातून एकाच्या जागी अनेक पिके घेता येतात आणि, औषधाच्या दृष्टीने महत्त्वाचे, प्रत्येक पीक आधीच्यासारखेच काढता येते, निदान तत्त्वतः. व्यवहारात दरवाजाच्या फटीतून येणारा उजेड किंवा एखाद्या यंत्रावरचा दिवाही रात्र मोडू शकतो. मग फुलोरा लांबतो, कधी मादी झाडावर नर फुले येतात, बी धरते आणि त्या खेपेचा माल आधीच्यापेक्षा वेगळा निघतो.

तीव्रतेची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण गैरसमज सर्वाधिक येथेच आहेत. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील फोटॉन वापरतात. ते दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात असे मोजतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात असतो. आपल्या दवाखान्यातील टेबलावर, जेथे आपण आरामात वाचू शकतो, तो दहाच्याही आत भरतो. डोळ्याची साक्ष येथेही खोटी ठरते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही तीव्रता १२० पासून १८०० पर्यंत वाढवत नेली. फुलांचे उत्पादन जवळजवळ सरळ रेषेत वाढत गेले आणि सुमारे साडेचार पट झाले. मात्र फुलांतील औषधी द्रव्यांचे शेकडा प्रमाण बदलले नाही. म्हणजे जास्त प्रकाशाने जास्त माल मिळाला. तो अधिक कडक झाला असे नाही.

मग जांभळ्या दिव्यांचे काय? हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून केवळ त्या दोन रंगांचे एलईडी एकत्र लावण्याची पद्धत पडली आणि खोली जांभळी दिसू लागली. परंतु हिरवा प्रकाश वाया जातो हा समज बरोबर नाही. तो पानात आणि पानांच्या दाटीत अधिक खोलवर पोहोचतो. त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी पांढरे एलईडी वापरतात. जांभळे छायाचित्र पत्रकावर मात्र टिकून आहे, कारण ते वैज्ञानिक दिसते.

जंबुपार किरणांविषयीही असेच आहे. १९८७ साली अमेरिकेत लिडन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ‘बी’ प्रकारचे जंबुपार किरण दिल्यास नशेच्या वाणात टीएचसी वाढते. धाग्याच्या वाणात त्याचा परिणाम झाला नाही. हा एक निष्कर्ष पुढे तीस वर्षे दिवे विकणाऱ्यांनी हातोहात खपवला. ग्वेल्फच्याच गटाने २०२१ साली आजच्या वाणांवर प्रयोग केला तेव्हा अशा किरणांनी ना उत्पादन वाढले, ना औषधी द्रव्ये. एका प्रयोगावर उपचारपद्धती उभारू नये हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. शेतीलाही ते लागू आहे.

येथे टीएचसी आणि सीबीडी हा भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जेरुसलेमचे राफाएल मेशुलाम यांनी १९६३ साली सीबीडीची आणि पुढच्याच वर्षी टीएचसीची रचना निश्चित केली. नशा होते ती टीएचसीमुळे. सीबीडीने नशा होत नाही आणि अपस्मारात उपयोग सिद्ध झाला आहे तो सीबीडीचा. एखादे झाड या दोहोंपैकी कोणते द्रव्य अधिक बनवील हे मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. कोणताही दिवा टीएचसीच्या झाडाचे सीबीडीचे झाड करू शकत नाही. प्रकाश ठरवतो ते एकूण प्रमाण, आणि एकाच झाडातील विषमता. इस्राएलमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाडाच्या शेंड्याकडील आणि बुंध्याकडील फुलांत या द्रव्यांचे प्रमाण निरनिराळे आढळले. दाट लागवडीत खालच्या फुलांना वरच्यांची सावली पडते, हे त्यामागील एक कारण. एकाच खोलीतील, एकाच वाणाच्या, एकाच झाडावरची ही स्थिती. मग निरनिराळ्या मळ्यांतील माल एकत्र करून काढलेल्या तेलाची कल्पना आपणच करावी.

आणि येथून आपण पुन्हा आपल्या रुग्णाकडे येतो. भांगेचा आकडीवर उपयोग ही आधुनिक कल्पना नाही. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी यांनी १८३९ साली सादर केलेल्या निबंधात चाळीस दिवसांच्या एका मुलीची केस आहे. जळवा, रेचक, अफू असे त्या काळचे उपाय करूनही आकडी थांबेना, तेव्हा त्यांनी भांगेचा अल्कोहोलमधील अर्क दिला. सुरुवात एका थेंबाने झाली. तीन आठवड्यांच्या आत एका दिवसात १३० थेंबांपर्यंत मजल गेली, आणि ज्या अर्काच्या दहा थेंबांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याला नशा चढली होती तोच हा अर्क होता. मूल बचावले. बालरोगतज्ज्ञ म्हणून हा वृत्तान्त वाचताना आदरही वाटतो आणि अंगावर काटाही येतो. त्यानंतर हे औषध इंग्लंडला गेले, नावाजले गेले आणि ओसरलेही. कारण हिंदुस्थानातून जाणाऱ्या मालाचा गुण प्रत्येक खेपेला वेगळा असे. एक बाटली निष्प्रभ, तर दुसरीच्या तेवढ्याच थेंबांनी रोगी बरळू लागे. ब्रिटिश औषधकोशातून ते १९३२ साली आणि अमेरिकेच्या औषधकोशातून १९४२ साली वगळले गेले. कायदा आणि राजकारण यांचा त्यात वाटा होताच, पण मात्रेची अनिश्चिती हे वैद्यकीय कारण खरे होते.

ही अनिश्चिती दोन मार्गांनी दूर करता येते. पहिला मार्ग हॉलंडचा : २००३ पासून तेथील औषधालयांत वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारी फुले बेड्रोकॅन ही संस्था पूर्णतः बंदिस्त जागेत, दिव्यांखाली पिकवते. वाण एकच, कलमे एकाच मातृवृक्षाची, प्रकाश मोजून, म्हणजे माल सारखा. दुसरा मार्ग इंग्लंडच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सचा. नॉरफोक परगण्यातील विसिंग्टन येथे साखर कारखान्याला जोडून टोमॅटोचे १८ हेक्टरांचे काचगृह होते. कारखान्याची उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड त्यात वापरत. २०१७ च्या सुमारास त्यात टोमॅटोऐवजी सीबीडीच्या वाणाची भांग आली. त्या झाडांतून सीबीडी वेगळे काढून, शुद्ध करून, दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अशा द्रावणाच्या रूपात एपिडायोलेक्स हे औषध तयार होते. जून २०१८ मध्ये अमेरिकेत आणि सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली.

या दुसऱ्या मार्गाचे मर्म नीट पाहावे. रेणू शुद्ध करून बाटलीत भरला की प्रकाशाने झाडात जी कमी-अधिक भर पडली ती कारखान्यातच मिटते. दिवे मंद असले तर कंपनीचा खर्च वाढेल, पण बालकाची मात्रा बदलणार नाही. उलट, झाडाचा सरसकट अर्क जेव्हा तेल म्हणून विकला जातो तेव्हा दरवाजाच्या फटीतील उजेड, खालच्या फांदीची सावली, उगवलेले नर फूल, हे सारे त्या बाटलीत उतरते आणि तेथून मुलाच्या तोंडात.

शुद्ध औषधाचा पुरावा चांगला आहे, पण चमत्काराचा नाही. द्रावे सिंड्रोम या बालवयातील चिवट अपस्मारावर डेव्हिन्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेला १२० रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. किलोमागे रोज २० मिलिग्रॅम सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याला येणाऱ्या मोठ्या झटक्यांची मध्यम संख्या १२.४ वरून ५.९ वर आली; नुसते द्रावण घेणाऱ्या गटात १४.९ वरून १४.१. झटके पूर्ण थांबले ते औषध घेणाऱ्यांपैकी केवळ ५ टक्के मुलांचे. गुंगी, जुलाब, भूक मंदावणे हे त्रास वारंवार आढळले. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या मुलांत यकृताची एन्झाइम वाढली. क्लोबाझाम चालू असेल तर त्याचा क्रियाशील अवशेष रक्तात वाढतो आणि मूल झोपाळते. लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम आणि ट्युबरस स्क्लेरोसिस यांतही उपयोग दिसला आहे. साध्या तापातील आकडीत, किंवा एका गोळीने आटोक्यात असलेल्या अपस्मारात, याचे काहीही काम नाही.

आता बाजारातील बाटली. अमेरिकेत महाजालावरून विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासून बॉन-मिलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘जामा’मध्ये निष्कर्ष दिला. लेबलावरील आकड्याशी जुळणारी केवळ २६. छत्तीसांत लेबलापेक्षा जास्त सीबीडी होते, बाविसांत कमी. आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडले.

आपण आपल्या मुलाचा हिशेब मांडू. पंधरा किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम सीबीडी हवे. शुद्ध औषधाचे दीड मिलिलिटर. बाजारातील तेलात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असेल तर रोज १५ मिलिलिटर, म्हणजे ३० मिलिलिटरची बाटली दोन दिवसांत संपेल. ती परवडत नाही म्हणून आईवडील पाच-सहा थेंब देतात. त्यातून अपस्मारावर उपयोग होण्याइतकी मात्रा जात नाही, मात्र ‘आता हे चालू केले आहे’ या विश्वासाने व्हॅल्प्रोएट थांबवले जाते. बेशुद्धावस्थेत न थांबणाऱ्या झटक्यांसह मूल येते ते याच वाटेने. मला या विषयाची धास्ती वाटते ती यासाठी. आणि समजा पालकांनी पैसे जमवून पूर्ण मात्रा दिलीच, तर वीसास एक या प्रमाणात टीएचसी असलेल्या तेलातून त्या बालकाला रोज साडेसात मिलिग्रॅम टीएचसी मिळेल. प्रौढांची भूक वाढवण्यासाठी टीएचसीचे कृत्रिम रूप देतात त्याची सुरुवातीची मात्रा दिवसभरात ५ मिलिग्रॅम असते.

आपल्याकडे आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि तिची गणना औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मधील, म्हणजे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या द्रव्यांत होते. त्या शास्त्राविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. एवढे मात्र सांगेन की विजयाच्या नावाने आलेल्या बाटलीलाही मी तेच प्रश्न विचारतो : यात सीबीडी किती, टीएचसी किती, आणि त्या खेपेचे तपासणीपत्र कोठे आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ खाली फुलोरा म्हणजे गांजा. पाने व बी, फुलोऱ्यासोबत नसल्यास, त्या व्याख्येत येत नाहीत. परंतु परवान्याविना झाड लावणे हाच गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. खोलीत दिव्याखाली लावलेले एक झाडही त्यातून सुटत नाही. ‘मुलासाठी घरीच लावतो’ असे एका गृहस्थाने मला विचारले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. जम्मू येथील भारतीय समवेत औषध संस्थेत सरकारी परवान्याने औषधी भांगेवर काम चालू आहे. योग्य जागा ती.

आपल्या जिल्ह्यांचे नाव या संदर्भात वृत्तपत्रांत येते ते निराळ्या कारणाने. सप्टेंबर २०२० मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातील काळगी तालुक्यात मेंढ्यांच्या वाड्यात जमिनीखाली दडवलेला १३०० किलोंहून अधिक गांजा बेंगळूरु पोलिसांनी पकडला. तो उघड्या शेतातला. अलीकडे मुंबई-बेंगळूरुच्या विमानतळांवर बँकॉकहून येणारा जो ‘हायड्रोपोनिक गांजा’ पकडला जातो, तो मात्र दिव्यांखालचा. थायलंडने २०२२ साली निर्बंध उठवले, २०२५ साली पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरते आणले. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांतील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ च्या सुमारास ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेले. त्यामागे निवडलेले वाण आणि बीरहित मादी फुलोरा ही कारणे आहेत. महाविद्यालयीन मुलांच्या पालकांनी ‘आमच्या वेळीही होतेच की’ असे म्हणताना हा फरक लक्षात घ्यावा. आणि शिवरात्र-होळीच्या दुसऱ्या दिवशी एखादे लहान मूल झोपाळलेले, तोल जाणारे, डोळे लाल आणि नाडी जलद असे आले, तर मेंदूज्वराच्या तपासण्यांबरोबरच घरात भांगेचा पेढा किंवा थंडाई होती का हे शांतपणे, दोष न देता विचारावे. आजोबा सहसा सांगतात.

दिव्यांच्या खर्चाचाही उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील बंदिस्त भांग-लागवड देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज खाते, असा अंदाज इव्हान मिल्स यांनी २०१२ साली मांडला. २०२१ च्या एका अभ्यासानुसार तेथे एक किलो वाळलेल्या फुलांमागे, ठिकाणानुसार, सुमारे २३०० ते ५२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. प्रकाशाएवढाच खर्च त्या दिव्यांची उष्णता बाहेर काढण्याचा. ज्या गावात नवजात कक्षातील प्रकाशोपचाराची यंत्रे जनरेटरवर चालवण्याची वेळ येते, तेथे ही शेती कोणी करील असे मला वाटत नाही. आणि आपल्या डोक्यावर इतके ऊन असताना ती करावीही कशाला? काचगृह, ऊन आणि दिवस लहान करण्यासाठी काळा पडदा, एवढ्यावर शुद्ध सीबीडीसाठी लागणारा माल निघू शकतो.

शेवटी त्या बाटलीच्या प्रकाशाविषयी. १९७६ साली लंडनचे फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी साठवणीतील भांग-द्रव्यांचा अभ्यास केला तेव्हा, ऱ्हासाचे सर्वांत मोठे एकमेव कारण प्रकाश हे आढळले. ज्या प्रकाशाने झाड वाढवले त्यानेच बाटलीतील द्रव्य विघटित होते. म्हणून तज्ज्ञ मेंदूविकारतज्ज्ञाने खरोखरच शुद्ध सीबीडी लिहून दिलेले असेल, तर आईला मी सांगतो : बाटली गडद काचेचीच हवी, ती देवघराच्या बल्बखाली किंवा खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा. औषध रोज ठरल्या वेळी, मोजण्याच्या पिचकारीनेच, आणि जेवणाशी त्याचा संबंध रोज एकसारखा ठेवून द्या, कारण स्निग्ध जेवणाबरोबर ते कितीतरी अधिक शोषले जाते. आधीची गोळी स्वतःहून एक दिवसही थांबवू नका. आणि यकृताची तपासणी करण्यासाठी महिन्याने, मग तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी मुलाला घेऊन या.